सरस्वतीला किती तारे?

बासरच्या सरस्वतीलाही लोक तारे देतात. फोनवरचा नकाशा उघडला की गावाच्या आधी देवळाचं नाव दिसतं आणि नावाखाली पिवळ्या ताऱ्यांची रांग. व्यासांनी गोदावरीत स्नान करून येताना मूठमूठ वाळू आणली आणि त्या वाळूची ही देवी झाली, अशी कथा आहे. पण विद्येची देवता झाली म्हणून तिला कुणी पैकीच्या पैकी देत नाही. मी खालचे अभिप्राय वाचत गेलो. देवीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रारी होत्या त्या गर्दीच्या, गाडी लावायला जागा नसल्याच्या आणि लॉजमधल्या पाण्याच्या. इथे येऊन विद्या मिळाली की नाही, याबद्दल कुणीही चकार शब्द लिहिलेला नव्हता. मला ते बरोबरच वाटलं. विद्येचा हिशेब लागायला वीस-पंचवीस वर्षं जातात. पायातली चप्पल गेली तर मात्र तिथल्या तिथे कळतं.

नांदेडकडून जाताना धर्माबाद संपलं की महाराष्ट्र संपतो आणि पुढचंच स्टेशन बासर. कागदोपत्री ते २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेलंय, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘आदिलाबादातलं बासर’ म्हणतात. तेलुगू येत नाही म्हणून तिथे कुणाचं अडत नाही. फुलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांशी मराठीत भाव करता येतो, आणि भाव काही त्यामुळे कमी होत नाही. आमच्या घरात मूल तीन वर्षांचं झालं की त्याला अक्षराभ्यासासाठी, म्हणजे पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला, बासरला न्यायचं, हा रिवाज. यंदा बहिणीच्या नातवाची पाळी होती. बहिणीचं शेंडेफळही बरोबर होतं. बारावी, सीईटी सगळं उरकून ही मुलगी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्मला येऊन ठेपली होती. म्हणजे एकाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा आणि दुसरीच्या शिक्षणाची चार वर्षांची बोली, असा दुहेरी मामला होता.

अक्षराभ्यासाचं तिकीट दोन तऱ्हेचं असतं, साधं आणि विशेष. मेहुण्यांनी एकदा पाटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हितंबी मॅनेजमेंट कोटा हाय म्हणा की.” शेवटी साधंच घेतलं.

मंडपात रांगेने कुटुंबं बसली होती. प्रत्येकापुढे पाटी, पांढरी पेन्सिल, ताटात तांदूळ, हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी. भटजी माईकवरून मंत्र सांगत होते आणि आईबाप आपापल्या पोराची मूठ धरून पाटीवर ॐ गिरवत होते. पन्नासेक पोरं एकदम शिकायला बसली की त्यातली तीस रडतात, हे प्रमाण पुढे पदवीपर्यंत फारसं बदलत नाही. आमचा नातू रडला नाही. त्याने मूठ सोडवून घेतली, पेन्सिल उलटसुलट करून बघितली आणि कडकन दातांनी तोडली. बहिणीने कपाळाला हात लावला. पाटीवरची पेन्सिल खाणं ही मराठी मुलुखातली विद्येशी झालेली पहिली ओळख आहे, आणि या पोराने ती मुहूर्तावर करून घेतली, याचं मला कौतुकच वाटलं.

शेजारी निजामाबादकडचं एक जोडपं होतं. त्यांची मुलगी अजून धड उभी राहत नव्हती. बाप मला हिंदीत विचारत होता की, पुढे पोरीला नारायणाला घालावं की श्रीचैतन्यला. पलीकडच्या राज्यात कोचिंगच्या या दोन साखळ्यांत दहावी-बारावीच्या पोरांची पार फाळणी झालेली असते, एक इकडची नाहीतर तिकडची. मी म्हटलं, पोरीला आधी चालू तर द्या. तो हसला, पण त्याचं समाधान झालं नाही.

आमची भाची या सगळ्यात नव्हती. खांबाला टेकून ती फोन बघत होती. “मामा, ह्या कॉलेजला चार पॉइंट दोन हाय आन् त्याला तीन पॉइंट नऊ.” मग थोड्या वेळाने, “पण ह्याच्यात एकजण म्हणायलाय की मेसमधी डाळ नसून हळदीचं पाणी असतं.” बासरच्या देवळात देवीच्या अंगाची हळद प्रसाद म्हणून जिभेवर घेतात, त्याने बुद्धी वाढते असं मानतात. तेव्हा ते कॉलेज एका परीने परंपरेला धरूनच चाललंय, असं मी म्हणालो. भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी तीस वर्षं वर्गात पाहिलेली आहे.

कॉलेजांचे अभिप्राय वाचण्याचं एक शास्त्र आहे आणि ते भाचीपेक्षा मला जास्त कळतं, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं त्यांच्या बाजूला, म्हणजे फळ्यापाशी, मी उभा होतो. पहिल्याच ओळीत ‘कॅम्पस सुंदर आहे’ असं आलं की पुढे सांगण्यासारखं फारसं नसतं. ‘फॅकल्टी सपोर्टिव्ह’ म्हणजे अटेंडन्सचं बघून घेतात. ‘मॅनेजमेंट फार स्ट्रिक्ट’ म्हणजे लिहिणाऱ्याला डिटेन केलंय. ‘प्लेसमेंट स्वतःवर अवलंबून’ म्हणजे कंपन्या येत नाहीत. ‘ओव्हरऑल एक्सपिरियन्स चांगला’ म्हणजे मित्र चांगले भेटले, बाकी विचारू नका. आणि जून-जुलैच्या सुमारास एकाच आठवड्यात, एकाच वळणाच्या इंग्रजीत, पाच-पाच तारे पडायला लागले तर ऑफिसमधल्या कुणाला तरी ते काम लावून दिलेलं आहे एवढं समजून पुढे जावं.

खरा घोटाळा याच्याही आधीचा आहे. अभिप्राय लिहिणाऱ्या मुलाने आयुष्यात एकच इंजिनिअरिंग कॉलेज पाहिलेलं असतं. त्याची डाळ पातळ आहे हे त्याला माहीत असतं, पण पलीकडच्या कॉलेजातली किती दाट आहे हे त्याला कसं कळणार? आणि जी मुलगी ते वाचून दोन कॉलेजांची तुलना करते आहे, तिने तर एकही पाहिलेलं नसतं. ज्याने लिहिलं त्याला तुलना माहीत नाही आणि जी तुलना करते तिला कॉलेज माहीत नाही. या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत ते चार पॉइंट दोन आणि तीन पॉइंट नऊ लटकत असतात. हॉटेलचं ठीक आहे, आज इथे जेवलो, उद्या तिथे, परवा बायकोच्या हातचं, म्हणून माणूस सांगू शकतो. कॉलेज म्हणजे चार वर्षं एकाच हॉटेलात दोन्ही वेळ.

तुलना करण्याचा खरा अधिकार असलेला विद्यार्थी आपल्याकडे एकच होऊन गेला, माधुकरी मागणारा. बासरला ही चाल अजून आहे. देवीची उपासना करणारे साधक गावात घरोघर भिक्षा मागतात आणि तिच्यावर नेमाचे दिवस काढतात. त्याला तिथे मधुकरम म्हणतात. आपल्याकडे पुण्यात पिढ्यान् पिढ्या गरीब मुलं माधुकरीवर नाहीतर वार लावून शिकली. अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थेची सुरुवातीची मुलं झोळी घेऊन पेठांमधून हिंडायची. त्या मुलाला रोज पाच घरं असत. कुणाची आमटी कशी, कोण शिळं वाढतं, कोण दार उघडायला वेळ लावतं, कुठल्या घरची म्हातारी पोळीवर चिमूटभर साखर घालते, हे सगळं त्याला पाठ. नवीन मुलगा आला की जुना त्याला बोळ दाखवायचा आणि कानात सांगायचा, मंगळवारी त्या वाड्यात जाऊ नकोस. त्या कानगोष्टीत पाच घरांचा रोजचा ताळा होता. मात्र त्यातल्या एकाही मुलाने कधी जाहीरपणे तारे दिले नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी परत त्याच दारात उभं राहायचं होतं. आजच्या अभिप्रायांमध्ये नावं का नसतात, ते यावरून कळावं. इंटर्नलचे मार्क अजून यायचे असतात.

मेहुण्यांची धर्माबादला मिरचीची आडत आहे. धर्माबाद म्हणजे मिरचीचा बाजार. हंगामात स्टेशनवर उतरलेला माणूस आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. त्यांना ताऱ्यांचा प्रकार मी समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, “परदेशात काय करतेत?” मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत मास्तरांना मार्क देण्याची एक जागा १९९९ मध्ये निघाली आणि तिथे शिकवणं, सोपेपणा यांच्या जोडीला मास्तर दिसायला कसा आहे याचीही नोंद व्हायची. जो देखणा असेल त्याच्या नावापुढे लाल मिरची. बरीच वर्षं ती मिरची चालली. प्राध्यापक बायकांनी, हा काय चावटपणा आहे, असं खडसावल्यावर २०१८ मध्ये ती काढली. मेहुणे विचारात पडले. मास्तरच्या दिसण्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. “नुसती मिरची म्हंजे काय? कोणती? तिखट का रंगाची?” धंद्याचा माणूस. गडद लाल दिसणाऱ्या मिरचीत फारसं तिखट नसतं आणि खरी झोंबणारी दिसायला बेताची असते, हे त्यांनी मला सोदाहरण सांगितलं. मी मनातल्या मनात आमच्या स्टाफरूममधल्या दोघा-तिघांना त्या दोन ढिगांत टाकून पाहिलं. बरोबर बसले.

तुलनेचं वावडं या सीमेवरच्या माणसाला नाहीच. इकडच्या शेतात उभं राहून तिकडच्या शेतातला वीजपंप ऐकू येतो, तिकडच्या म्हातारीला पेन्शन किती मिळते ते इकडच्या म्हातारीला रुपयापर्यंत ठाऊक असतं. २०१८ मध्ये धर्माबादकडच्या काही गावांच्या सरपंचांनी आम्हाला तेलंगणात घाला म्हणून मागणीच केली होती. तिकडे शेतकऱ्याला पेरणीला पैसे देतात, इकडे आश्वासन. दोन राज्यांची तुलना करून थेट नाव काढून घेऊ बघणारे विद्यार्थीच म्हणायचे ते. आणि धर्माबादच्या आयटीआयला तर एक असा पाहुणा लाभलाय की त्याने अभिप्राय लिहिला असता तर संस्थेचं नाव देशभर झालं असतं. जुलै २०१० मध्ये गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याला विरोध करायला चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह सीमा ओलांडून आले, तेव्हा महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन ठेवलं ते आयटीआयच्या इमारतीत. तोवर नऊ वर्षं मुख्यमंत्री राहिलेला माणूस, हैदराबादला हायटेक सिटी वसवणारा, धर्माबादच्या आयटीआयमध्ये मुक्कामाला! एरवी कॉलेजच्या तपासणीला कमिटी येते तेव्हा भिंती रंगवायला महिनाभर मिळतो. इथे तोही मिळाला नाही.

तपासणी कमिटी हा सरकारी ताऱ्यांचा प्रकार. १९९४ मध्ये नॅक स्थापन झाली आणि कालांतराने कॉलेजांना अक्षरं मिळू लागली. ए प्लस प्लसपासून खाली. पुढे २०१६ पासून एनआयआरएफची क्रमवारी आली. तिच्या इंजिनिअरिंगच्या यादीत शिकवण्याला आणि साधनांना तीस टक्के, संशोधनाला तीस, निकालाला नि नोकऱ्यांना वीस, सर्वांना सामावून घेण्याला दहा, आणि राहिलेले दहा लोकांना काय वाटतं याला. लोक म्हणजे कोण, तर नोकऱ्या देणारे आणि इतर प्राध्यापक. ज्यांना डाळ खावी लागते त्यांना त्या दहांमध्ये जागा नाही. नॅकने मात्र २०१७ नंतर विद्यार्थ्यांना एकवीस प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला तो फॉर्म मनापासून आवडतो. पहिलाच प्रश्न, अभ्यासक्रमातला किती भाग वर्गात शिकवून झाला? उत्तरं पाच, पंच्याऐंशी टक्क्यांपासून खाली तीसच्याही आतपर्यंत. दुसरा प्रश्न, शिक्षक तयारी करून येतात का? इथे पर्याय आहेत : पूर्ण तयारीने, समाधानकारक, कमी, बेफिकिरीने, आणि शेवटचा, शिकवतच नाहीत. हा शेवटचा पर्याय ज्या समितीने लिहिला तिच्यात एक तरी माणूस आपल्या कॉलेजात शिकलेला असणार. एकविसाव्या प्रश्नात मोकळी जागा सोडलेली असते, तुमच्या तीन सूचना लिहा म्हणून. मोकळी जागा मिळाली की आमची मुलं पार्किंगबद्दल लिहितात. बासरच्या भाविकांसारखंच.

मी ज्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो तिथेही असा फॉर्म निघायचा. एका वर्षी माझ्या नावाच्या रकान्यात, ‘शिकवण्यात काय सुधारणा हवी’ याच्यापुढे, बऱ्याच जणांनी लिहिलं होतं : पंखा. प्राचार्यांनी तो कागद मला हसत हसत दाखवला. मला नाही हसू आलं. त्या वर्गातला पंखा असा काही खडखडायचा की तिसऱ्या बाकाच्या मागे पानिपत पोचतच नव्हतं. मुलांना माझ्या शिकवण्याबद्दल जे म्हणायचं होतं तेच त्यांनी लिहिलं होतं, नेमकं आणि एका शब्दात. मी चार पानी उत्तर लिहून काढलं असतं तरी इतकं शहाणं झालं नसतं. पंखा पुढच्या वर्षी बदलला. नवीन पंखा आवाज करत नव्हता, आणि हवाही देत नव्हता.

म्हणून अभिप्रायांमधली डाळ, पाणी, पंखा, वायफाय पाहून मोठी माणसं नाक मुरडतात ते मला पटत नाही. पोरांना गंभीर गोष्टी दिसत नाहीत असा त्यांचा समज असतो. अठरा वर्षांच्या मुलाला तपासता येण्यासारख्या ज्या गोष्टी आहेत तेवढ्याच तो तपासतो. थर्मोडायनॅमिक्स नीट शिकवलं की नाही हे त्याला अजून ठरवता येत नाही, आणि ठरवता आलं तेव्हा त्याला कुणी विचारणार नाही. बाराव्या-तेराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याला मुलांच्या हातात नुसता अभिप्राय नव्हता, सगळा कारभारच होता. तिथे विद्यार्थीच मास्तर ठेवायचे आणि पगार द्यायचे. मास्तर उशिरा आला तर दंड, घंटा झाल्यावर बोलत राहिला तरी दंड, आणि वर्गात पाच मुलंसुद्धा जमली नाहीत तर तो गैरहजर धरून दंड. आमच्या शेवटच्या तासाला त्या नियमाने मी किती वेळा भिकेला लागलो असतो कोण जाणे. पण त्या कडक पोरांनीसुद्धा दंड लावला तो मुख्यतः वेळेचा आणि हजेरीचा. ज्ञानाला दंड कसा लावायचा हे त्यांनाही सुचलं नाही.

बासरला आणखी एक विद्यापीठ आहे, देवीच्या नंतरचं. राजीव गांधी युनिव्हर्सिटी ऑफ नॉलेज टेक्नॉलॉजीज, २००८ चं. लोक नुसतं ट्रिपल आयटी म्हणतात. आंध्र एकत्र असताना राजशेखर रेड्डींच्या काळात खेड्यातल्या मुलांसाठी अशी तीन केंद्रं काढली, बासर, नुझविड आणि इडुपुलपाया. दहावी झाली की पोरगं इथे येतं आणि सहा वर्षं इथेच राहतं. दोन वर्षं बारावीची, चार इंजिनिअरिंगची. प्रवेश परीक्षा नाही. दहावीचे गुण बघायचे, आणि गुणांऐवजी ग्रेड पॉइंट होते तेव्हा साध्या सरकारी शाळेतून आलेल्या मुलाला वर ०.४ ची भर घालायचे. तारे देण्याच्या सगळ्या पद्धतींमध्ये मला हा ०.४ फार मोलाचा वाटतो. मुलाला तर गुण दिलेच, पण ज्या परिस्थितीतून ते आलं तिलाही मोजलं.

या मुलांनी अभिप्राय वाचून कॉलेज निवडलेलं नसतं. निवडायला समोर दोन पानं लागतात. यांच्यापुढे एकच वाढलेलं असतं आणि ते मिळालं यातच घरादाराला आनंद. पंधरा वर्षांचं पोर ट्रंक घेऊन येतं, बाप देवळात नारळ फोडतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. तारे देण्याची चैन ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याची असते. पण ज्याला कुठेच जायचं नाही त्याचा अभिप्राय कसा असतो तेही बासरनेच दाखवलं. जून २०२२ मध्ये ही मुलं वर्ग सोडून बाहेर येऊन बसली. आठवडाभर. ऊन झालं, पाऊस झाला, छत्र्या घेऊन बसली, पण उठली नाहीत. घोषणा कमी, शिस्त जास्त. मागण्या बारा. वर्तमानपत्रं वाचताना मी त्या यादीवर बोट ठेवून बसलो होतो. मेस होती, लॅपटॉप होते, गणवेश होते, सगळं होतं. पण ठळक मागणी होती की आम्हाला पूर्ण वेळ कुलगुरू द्या आणि पुरेसे शिक्षक द्या. शेवटी तेव्हाच्या शिक्षणमंत्री सबिता इंद्रा रेड्डी स्वतः आल्या, रात्री उशिरापर्यंत बोलणी झाली आणि मुलं उठली. पुढच्याच महिन्यात मेसच्या जेवणाने शेकडो मुलं आजारी पडली, म्हणजे डाळीची तक्रार किरकोळ नव्हती हेही सिद्ध झालं. पण आपल्याला कुलगुरू नाही ही गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना टोचावी! कित्येक विद्यापीठांत ती प्राध्यापकांना टोचत नाही, उलट जरा मोकळं वाटतं.

माझ्या पिढीला निवड करायला कानगोष्टच होती. आमच्या वडिलांच्या वेळी तर नांदेडला कॉलेजच नव्हतं. शिकायचं तर याच रुळांवरून बासर ओलांडून हैदराबादला, उस्मानियात, उर्दूतून. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि रुळांवरची गर्दी जरा कमी झाली. पुढे त्या कॉलेजला मुलं यायची ती नरहर कुरुंदकर ऐकायला. अगदी विज्ञान शाखेची पोरं मराठीच्या तासाला दारात उभी राहायची, असं सांगणारे लोक अजून भेटतात. आता त्या कॉलेजला तेव्हा तारे द्यायचे झाले असते तर काय दिलं असतं? मेस, वायफाय, प्लेसमेंट, तिन्ही रकान्यांत शून्य. आणि कुरुंदकरांचा बायोडेटा आजच्या कमिटीपुढे ठेवला तर पहिल्याच पानावर गाडी अडेल, कारण हा माणूस इंटरला स्वतः एकाहून जास्त वेळा नापास झालेला. सबंध मराठवाड्याला मात्र माहीत होतं की नांदेडला जा, तिथे एक माणूस आहे. अभिप्राय एवढाच. एका ओळीचा, आणि त्यात कॉलेजचं नाव नाही.

हे मी मंडपाबाहेर कट्ट्यावर बसून भाचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मामा, त्या ओळीवर ऑप्शन फॉर्म भरता येत नाही.” खरं होतं. पर्याय शेकड्याने भरायचे असतात आणि पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर जागा आपोआप गोठते, मग मागे फिरता येत नाही. त्यामुळे सगळी डोकेफोड पहिल्या ओळीत काय लिहायचं याचीच.

मेहुणे शेंगा सोलत होते. ते म्हणाले, मिरचीचं पोतं घेताना वरचा माल कुणी बघत नाही, तोंडाला सगळेच चांगला लावतेत. तळाचाबी बघायचा नाही, तो ओलीनं काळा पडलेला असतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली मूठ काढायची, देठ मोडायचा, वास घ्यायचा. “तू वरचे बी वाचू नको आन् तळचे बी. एखादं मधलं पोरगं धर.”

भाचीला मधलं पोरगं सापडायला दहा मिनिटं लागली. इन्स्टावर. उमरीची मुलगी, चार पॉइंट दोनवाल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, टॉपर नाही, केटी एकच आणि तीही सुटलेली. भाचीने फोन स्पीकरवर टाकला. शेजारी पुरीभाजीच्या गाड्यावर तेल तडतडत होतं, त्यामुळे आम्ही चौघं डोकी जवळ आणून ऐकायला लागलो.

“मेस कसं आहे ताई?”

“मेस सगळीकडं सारखंच असतंय गं. लोणचं घरून आण.”

“पाणी?”

“सकाळी सहाच्या आत उठलीस तर गरम.”

“शिकवतेत का?”

तिकडे जरा थांबली. मग म्हणाली, “मॅथ्सच्या एक मॅडम हायेत. मला गणित येतच नव्हतं. लायब्ररीत बसवून शिकवलं त्यांनी, सुट्टीच्या दिवशी बी. त्यांच्यासाठी ये म्हणलं असतं तुला.”

“म्हणलं असतं म्हंजे?”

“कंत्राटावर हायेत ना. ह्या वर्षी काँट्रॅक्ट संपायलंय. रिन्यू करतेत का नाही, त्यांनाच माहीत नाही.”

बहीण म्हणाली, विचार, त्या कुठे जाणारेत. भाचीने विचारलं. तीन पॉइंट नऊवाल्या कॉलेजात इंटरव्ह्यू दिलाय म्हणे, निकाल ऑगस्टमध्ये.

ऑप्शन फॉर्मची मुदत जुलैतच संपत होती.